गाळा, करंट खातं आणि वहिनींची वही

या आठवड्याचं पत्र नाशिकच्या अंबडहून आलं आहे. थोडं कापून देतो:

‘काका, नमस्कार. मी सातपूरच्या एका कंपनीत पंधरा वर्षं टर्नर होतो. दोन वर्षांपूर्वी अंबडला भाड्याच्या गाळ्यात जुनं सीएनसी मशीन टाकून स्वतःचं जॉबवर्क, म्हणजे कंपन्यांच्या मालावर मशीनचं काम, सुरू केलं. हाताखाली दोन पोरं आहेत. वर्षाला साधारण १८ लाखांचं काम होतं, महिन्याला दहा-बारा बिलं. आजवर बिलं माझ्या नावाने आणि पैसे माझ्या सेव्हिंग खात्यात. आता एक मोठी कंपनी वेंडर कोड द्यायला, म्हणजे कामासाठी माझी नोंद करून घ्यायला, तयार आहे, पण फर्मच्या नावाचा कॅन्सल चेक मागते. एका खासगी बँकेचा माणूस गाळ्यावर येऊन गेला. म्हणाला, दोन दिवसांत खातं उघडतो, सरासरी शिल्लक फक्त २५ हजार ठेवा. आमच्या नेहमीच्या सरकारी बँकेची शिल्लकीची अट बरीच कमी आहे, पण पंधरा दिवस लागतील म्हणतात. हिशेबाचं म्हणाल तर सीए सांगतात टॅली घ्या, भाचा सांगतो मोबाइलवरचं ॲप पुरे, आणि सॉफ्टवेअर विकणारा सांगतो की ऑडिट ट्रेल आणि ई-इन्व्हॉइस आता सगळ्यांना सक्तीचं झालंय. सध्या बायको वहीत लिहिते. तीन पानांचे फोटो पाठवतो. जीएसटी काढलेला नाही. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, उत्तमनगर, सिडको’

नमस्कार. पत्र वाचलं, पण खरं सांगायचं तर पत्रापेक्षा वहीची पानं जास्त वेळ बघत बसलो. एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा करंट खात्याच्या टेबलावर. इतकी स्वच्छ वही फार थोड्यांनी माझ्यासमोर ठेवली. तुम्ही सीएंना विचारलंत, भाच्याला विचारलंत, विकणाऱ्यालाही विचारलंत. वही लिहिणाऱ्या वहिनींना काय हवंय, ते पत्रात कुठेच नाही. त्यावर पुढे येतोच.

आधी खातं, कारण कॅन्सल चेक अडलाय.

एकट्या मालकाच्या धंद्यात फर्म आणि तुम्ही कायद्याने वेगळे नसता. पॅन तुमचाच, कर्ज तुमचंच, नफाही तुमचाच. तरीही फर्मच्या नावाचा चेक तुमच्या सेव्हिंग खात्यात भरता येत नाही, कारण चेकवर नाव फर्मचं आणि खात्यावर नाव तुमचं. माझ्याकडे एक प्लंबिंगची कामं घेणारे गृहस्थ फर्मच्या नावाचा ४३ हजारांचा चेक घेऊन आले होते. खातं नव्हतं. आज कागद आणतो, उद्या आणतो करत तीन महिने उलटले आणि चेक शिळा झाला. नव्या चेकसाठी पार्टीच्या दारात किती खेपा घातल्या, ते त्यांनाच ठाऊक.

करंट खात्याला धंद्याच्या पुराव्याचे साधारण दोन कागद लागतात. तुमच्या बाबतीत सगळ्यात सोपे म्हणजे उद्यम, ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि शॉप ॲक्ट. उद्यम नोंदणी आधार नंबरवर ऑनलाइन होते आणि सरकारी पोर्टलवर तिला एक पैसाही लागत नाही. हुबेहूब तशीच दिसणारी संकेतस्थळं हजार-दोन हजार उकळतात, तिथे जाऊ नका. शॉप ॲक्टला तुमच्यासारख्या छोट्या जागेसाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती बँकेला चालते. गाळ्याचा भाडेकरार आणि लाइट बिल जोडीला ठेवा.

एक बारीक गोष्ट सांगतो, जिच्यापायी निम्मे अर्ज परत येतात. फर्मचं नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं हवं. अंबडमधल्या दर दुसऱ्या गाळ्याच्या नावात ‘श्री’ असतो आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग उद्यमवर एक, शॉप ॲक्टवर दुसरं, रबरी शिक्क्यावर तिसरंच. शिक्का सगळ्यात शेवटी बनवा. आणि गाळ्याबाहेर पाटी लावा, मराठीत. बँकेचा माणूस जागा बघायला येतो तेव्हा पाटीचा फोटो काढतो. पाटी नसली की त्याला धंदाही दिसत नाही.

आता कोणती बँक. इथे तुमच्या वहीचं पहिलं पान कामाला येतं. वहिनींनी रोजची शिल्लक समासात लिहिली आहे. ती बघता महिन्याचे पहिले दहा दिवस तुमच्याकडे साठेक हजार असतात. मग मटेरियलवाला, भाडं, पोरांचे पगार, मशीनचा हप्ता, आणि उरलेले वीस दिवस पाच हजारांच्या आसपास. सरासरी शिल्लक म्हणजे रोज संध्याकाळच्या शिलकीची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. दहा दिवसांचे ६ लाख, वीस दिवसांचा १ लाख, एकूण ७ लाख, भागिले ३० म्हणजे २३,३३३. खासगी बँकेच्या २५ हजारांच्या अटीत तुम्ही थोडक्यात नापास. दर महिन्याला दंड, वर त्यावर जीएसटी. त्या वीस दिवसांत पाचऐवजी साडेसात हजार ठेवले तर बरोबर २५ हजार होतात, पण तुमच्या धंद्यात ते अडीच हजार म्हणजे इन्सर्टचा, मशीनच्या कापायच्या टोकांचा, डबा असतो. करंट खात्यावर व्याजही मिळत नाही. बँकेला फुकट वापरायला पैसे द्यायचे असतील तर त्याबदल्यात काहीतरी मिळायला हवं.

तुम्हाला काय मिळेल? गाळ्यावर येऊन रोकड नेण्याची सोय? तुमची रोकड म्हणजे महिन्याकाठी विकलेलं भंगार. पन्नास पानांची चेकबुकं? तुम्ही वर्षाला वीस चेक फाडत नसाल. तो मुलगा वाईट नाही, त्याला टार्गेट असतं. मार्च महिन्यात तर आम्हीसुद्धा पानटपरीवाल्याला करंट खातं विकायला जायचो.

तुमच्या कामाला लागतं ते एवढंच: एनईएफटीने पैसे येणं-जाणं, शनिवारी पगारापुरती रोकड काढणं, अधूनमधून चेक भरणं आणि काही अडलं तर ओळखीचं तोंड असलेली शाखा. सेव्हिंग खात्यावरून ऑनलाइन एनईएफटीला पैसे लागत नाहीत, करंटवर बँक लावू शकते. म्हणून दरपत्रक मागून घ्या. ‘फ्री’ या शब्दापुढे महिन्याला किती व्यवहार लिहिलेत, तेवढं वाचलंत तरी पुरे.

माझं मत सरळ आहे. पंधरा दिवस लागले तरी नेहमीच्या सरकारी बँकेत, गाळ्याजवळच्या शाखेत खातं उघडा. वेंडर कोडची घाई असेल तर कंपनीच्या परचेसवाल्याला फोन करून पंधरा दिवस मागा. त्यांना कोड द्यायला स्वतःलाच महिना लागतो. कारण पुढचं आहे. दोन वर्षांनी तुम्ही दुसऱ्या मशीनसाठी कर्ज मागायला जाल, किंवा सीसी (कॅश क्रेडिट) खातं, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, मागाल. तेव्हा मॅनेजर आधी तुमच्या खात्यात वर्षभर पैसे कसे आले-गेले ते बघतो. ही हालचाल जिथून कर्ज घ्यायचंय त्याच शाखेत झालेली बरी.

नाशिककर म्हटल्यावर सहकारी बँकेचा प्रश्न येणारच. चांगल्या चालणाऱ्या सहकारी बँकेत खातं काढायला माझी हरकत नाही, तिथे माणूस तुम्हाला नावाने हाक मारतो. फक्त दोन गोष्टी. नेट बँकिंगवरून पैसे पाठवता येतात का, ते शाखेत उभं राहून करून बघा. आणि ठेवविमा बँकेमागे माणशी ५ लाखांपर्यंतच असतो. एकाच बँकेत तुमचं सेव्हिंग आणि फर्मचं करंट असलं तर दोन्ही मिळून ५ लाख, कारण माणूस एकच. पतसंस्थेला तर हा विमाच नाही. तिथे धंद्याचं खातं नको.

फॉर्म भरताना नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. मालकी फर्मच्या खात्यालाही नॉमिनी लावता येतो. करंट खात्याचे फॉर्म तपासताना सगळ्यात जास्त वेळा कोरा दिसायचा तो हाच रकाना, आणि त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते. खात्याला मोबाइल नंबरही तुमचा किंवा वहिनींचा द्या, भाच्याचा नको.

खातं झालं की जीएसटी. जॉबवर्क ही सेवा धरतात. सेवेची मर्यादा वर्षाला २० लाख, मालाची ४० लाख. तुम्ही १८ वर आहात. नवी कंपनी आली की २० ओलांडणारच, आणि ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणी लागते. माझा सल्ला, वाट बघू नका. तुमची गिऱ्हाइकं नोंदणीकृत कंपन्या आहेत, तुम्ही लावलेला कर त्यांना वजा मिळतो. तुम्ही इन्सर्ट, कटिंग ऑइल, कुलंट घेता त्यावरचा कर मात्र आज तुमच्या अंगावर पडतो. कुणी कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर थोडा ठरावीक कर भरायची सोय, सुचवेल. ती स्कीम थेट दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठीक. तुमच्या कंपन्यांना त्यात क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तुम्हाला काम मिळत नाही. नोंदणी झाल्यावर ३० दिवसांच्या आत, आणि जीएसटीआर-१ हे विक्रीचं पहिलं रिटर्न भरायच्या आधी, बँक खातं पोर्टलवर द्यावं लागतं. म्हणून खातं आधी. मग जीएसटी नंबर उलट बँकेलाही कळवा. बँक जे चार्जेस कापते त्यावरच्या कराचंही क्रेडिट मिळतं, पण नंबर त्यांच्याकडे नोंदलेला असेल तरच. हे सांगायला शाखेत कुणी येत नाही.

उलाढाल ५ कोटींच्या आत असल्याने तुम्हाला तिमाही रिटर्नची सोय आहे. सीए तीच लावून देतील. पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पोर्टलवर पुढच्या महिन्याच्या १३ तारखेच्या आत टाकायची वेगळी सोय आहे, ती वापरा. नाहीतर कंपनीचा अकाउंटवाला म्हणेल, ‘तुमचं बिल आमच्याकडे दिसत नाही, दिसल्यावर पेमेंट.’ आणि तिमाही संपेपर्यंत पैसे अडकले.

आता सॉफ्टवेअर. आधी त्या विकणाऱ्याचं. ऑडिट ट्रेल, म्हणजे हिशेबातल्या प्रत्येक बदलाची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, तो कंपन्यांना. तुम्ही कंपनी नाही. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, ५ कोटींवरच्या उलाढालीला. तुम्ही १८ लाखांवर. घाबरवून विकलेली वस्तू घ्यायची नाही.

वहीच्या दुसऱ्या पानावर एक नोंद आहे: ‘बिल ४०,०००. आले ३९,६००. ४०० कमी. विचारणे.’ खाली रेघ ओढली आहे, दोनदा. ते ४०० कुठे गेले नाहीत. कंपनीने माल दिला, तुम्ही काम केलं, म्हणून कंपनीने १ टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर सरकारकडे भरला. आयकराच्या पोर्टलवर पॅनवर कापलेल्या कराचं विवरण (२६एएस) उघडा, तिथे दिसेल. सगळ्या कंपन्यांनी कापला तर १८ लाखांवर १८ हजार होतात. रिटर्न भरलं तरच ते करात वजा होतात किंवा परत मिळतात. तुम्ही रिटर्नबद्दल पत्रात चकार शब्द काढला नाही, म्हणून मला शंका येते. आज सीएंना हेच पहिलं विचारा.

आणि सॉफ्टवेअर घेताना हीच परीक्षा घ्या. विकणाऱ्याला समोर बसवा, ४० हजारांचं बिल करायला सांगा, मग ३९,६०० जमा आणि ४०० टीडीएस दाखवायला सांगा. त्या गिऱ्हाइकाची बाकी शून्य झाली पाहिजे. कितीतरी साध्या बिलिंग ॲपवर लोक ४०० तसेच सोडून देतात आणि वर्षाअखेरीला प्रत्येक कंपनीकडे थोडंथोडं येणं दिसत राहतं, जे कधीच येणार नसतं. दुसरी परीक्षा: कंपनीचा माल तुमच्याकडे येतो तो तुमचा नसतो. दोनशे शाफ्ट आले, एकशे नव्वद परत गेले, सहा रिजेक्ट, चार मशीनवर. हे तुमच्या स्टॉकमध्ये न मिसळता लिहिता येतं का? टॅलीत जॉबवर्कची मटेरियल इन, मटेरियल आउट ही सोय आहे. ॲपमध्ये नसेल तर चलनांची फाइल आणि एक वही चालू ठेवा, काही बिघडत नाही. तिसरी: महिन्याचा डेटा सीएंना त्यांच्या टॅलीत घेता येईल अशा फाइलमध्ये काढून द्या आणि त्यांना उघडायला लावा. हे सगळं विकत घ्यायच्या आधी, ट्रायलवर.

टॅली उत्तम आहे, मी वाद घालत नाही. पण महिन्याला बारा बिलांसाठी वीस हजारांच्या वर परवाना आणि घरात नसलेला कॉम्प्युटर, हे आत्ता नको. सीएंना टॅली हवी कारण त्यांच्या पोरांचा हात त्यावर बसलाय. ते त्यांच्या ऑफिसात त्यांनी करावं. तुम्ही ‘व्यापार’ ॲप किंवा झोहो बुक्ससारखं काहीतरी घ्या. उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्यांसाठी जीएसटीच्या पोर्टलवरूनही बिलिंगची सॉफ्टवेअर फुकट देण्याची योजना आहे, तीही बघा. यातलं कोणतं, ते मी ठरवणार नाही, भाचाही नाही. वहिनींच्या हातात एकेक संध्याकाळ द्या. वरच्या तीन परीक्षा त्यांनी स्वतः करायच्या, तुम्ही बाजूला बसायचं. ज्यावर त्यांचं बिल चहा निवायच्या आत होईल, ते घ्या. मेनू मराठीत लागतो का, हेही त्यांनाच बघू द्या. क्रॅक केलेली टॅली कुणी फुकट टाकून देतो म्हणेल, त्याला गाळ्याच्या बाहेरूनच नमस्कार करा.

लॉगिन वहिनींच्या किंवा तुमच्या नंबरवर. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याचं सगळं बिलिंग पुतण्याच्या नंबरवर होतं. पुतण्या पुण्याला नोकरीला गेला, सिम बदललं, आणि ओटीपीसाठी हा रोज त्याच्या आईला फोन करत बसला.

सुरुवात जीएसटी नोंदणीच्या दिवसापासून करा. बिलाचे नंबर सलग ठेवा, सोळा अक्षरांच्या आत, दर १ एप्रिलला नवी मालिका. बिलावर उद्यमचा नंबर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार लेखी नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज कायद्यात आहे. अंबडात कुणी गिऱ्हाइकाकडून ते व्याज मागत नाही, मागितलं तर पुढचा जॉब शेजारच्या गाळ्यात जातो. पण वेळेत पैसे न दिल्यास त्या वर्षी कंपनीला तो खर्च करात वजा धरता येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की त्यांचा ऑडिटर स्वतः तुमचं उद्यम मागतो आणि पैसे कसे सुटतात ते बघा.

रिटर्नबद्दल आणखी एक. सगळे जिला ४४एडी म्हणतात त्या योजनेत बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. १८ लाखांवर १,०८,००० होतात. पण तुमचा खरा नफा त्याहून कितीतरी जास्त आहे, वहीच सांगते. खरा तेवढा दाखवा. मशीनच्या कर्जाला बँक रिटर्नमधला आकडाच धरते, आणि १,०८,००० वर कुणी मशीन देत नाही.

राहिलं तिसरं पान. चौदा तारखेला वहिनींनी लिहिलंय, ‘ह्यांना दिले ३,०००’. अठराला पुन्हा, ‘ह्यांना २,०००, कशाला ते सांगितलं नाही’. सॉफ्टवेअरमध्ये या नोंदीला जागा आहे, तिला उचल म्हणतात. मालकाला पगार नसतो, उचल असते, आणि ती खर्चात धरत नाहीत. नवं खातं सुरू झालं की महिन्याच्या एका ठरल्या तारखेला करंटमधून सेव्हिंगमध्ये घरखर्चाची एक रक्कम पाठवा, मधे हात घालू नका. आणि अठरा तारखेच्या त्या दोन हजारांचं काय झालं, ते मला नाही, वहिनींना सांगा.